गोगलगाय आणि पोटात पाय : बेटावरील एका निर्वंशाचा इतिहास

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण मराठीत वरकरणी गरीब दिसणाऱ्या, पण आतून कावेबाज असणाऱ्या माणसासाठी वापरली जाते. म्हणींच्या तासाला तिचा लाक्षणिक अर्थ सांगितला की काम भागते. वाच्यार्थाकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक हा वाच्यार्थ विलक्षण अचूक आहे. गोगलगाय आपल्या पोटाखालच्या सपाट स्नायूवर सरकते. तोच तिचा पाय. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने या प्राणिवर्गाला ‘गॅस्ट्रोपोडा’ असे नाव दिले. त्या ग्रीक शब्दांचा अर्थही ‘पोट’ आणि ‘पाय’ असाच होतो, आणि मराठी परिभाषेने त्याला ‘उदरपाद’ म्हटले. पॅरिसच्या पंडिताने जे पाहिले, ते मराठी कुणब्याने बांधावर उभे राहून पाहिलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र या म्हणीत एका प्रश्नाला जागा नाही. गोगलगाय म्हणजे नेमकी कोणती गोगलगाय? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. तो न विचारल्यामुळे पॅसिफिक महासागरातील काही बेटांवर अनेक जीवजातींचा निर्वंश झाला, आणि त्या कथेचा एक धागा आमच्या मुखेडच्या वेशीपर्यंत येऊन पोचतो, हे या लेखात मांडावयाचे आहे.

मुखेड तालुक्याची पश्चिमेकडील हद्द लातूर जिल्ह्याला भिडते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांत नुकतेच उगवलेले सोयाबीन शंखी गोगलगायींनी रात्रीतून फस्त केले. कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. पुढे शासनाला या तीन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र मदत जाहीर करावी लागली. आमचे बहुतेक विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरांतून येतात. त्यांच्या दृष्टीने ‘गोगलगाय’ हा शब्द त्या वर्षापासून म्हणीतून उठून थेट संकटांच्या यादीत जाऊन बसला. आणि त्याच्या तीनच वर्षे आधी, १ जानेवारी २०१९ रोजी, हवाई द्वीपसमूहातील ओआहू बेटावर एक गोगलगाय मरण पावली, तेव्हा तिच्या मृत्यूची बातमी जगभरच्या वृत्तपत्रांनी छापली. ती तिच्या जातीची शेवटची होती. एकीच्या विपुलतेने शेतकरी रडतो, दुसरीच्या एकटेपणाने शास्त्रज्ञ हळहळतो; शब्द मात्र दोहींसाठी एकच.

प्रथम या दुसऱ्या गोगलगायीची ओळख करून घेऊ. ‘अकॅटिनेला’ हे तिच्या कुळाचे शास्त्रीय नाव. हे कूळ ओआहू बेटाशिवाय पृथ्वीवर अन्यत्र कोठेही नाही. त्यात सुमारे ४१ जातींची नोंद झाली. शंख दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर, गुळगुळीत, चकचकीत. कोणाचा पिवळा, कोणाचा हिरवट, कोणाचा चॉकलेटी पट्ट्यांचा. काहींचे वेटोळे उजवीकडे वळते, तर काहींचे डावीकडे. या गोगलगायी झाडांवरच जन्मतात, झाडांवरच जगतात, आणि पुष्कळदा एकाच झाडावर त्यांचे आयुष्य संपते. विशेष म्हणजे, ज्या झाडावर त्या राहतात त्याचे पानही त्या खात नाहीत. रात्री पानांच्या पृष्ठभागावर बुरशीचा आणि शेवाळाचा जो अतिसूक्ष्म थर साचतो, तो आपल्या कानशीसारख्या दातेरी जिभेने खरवडून त्या पोट भरतात. एका परीने त्या झाडाची पाने पुसून ठेवणाऱ्या भाडेकरू आहेत.

त्यांचा वंशविस्तार तर फारच संथ. बहुतेक गोगलगायी मातीत अंडी घालतात. अकॅटिनेला एकावेळी एका पिलाला जन्म देते, आणि तेही तयार शंखासह. वर्षाकाठी मोजकीच पिले. ते पिलू वयात येण्यास काही वर्षे लागतात, आणि आयुष्य दहा वर्षांहून अधिक असते. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, तरी संततीसाठी दुसऱ्या गोगलगायीची सोबत तिला सामान्यतः लागतेच. ज्या बेटावर तिला शोधून खाणारा शत्रूच नव्हता, तेथे ही संथ गती पुरेशी होती. लाखो वर्षे ती पुरली.

या संथपणाचा एक परिणाम असा झाला की, बेटावरच्या प्रत्येक दरीची गोगलगाय वेगळी झाली. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. मुखेडची बोली उदगीरच्या बोलीहून वेगळी, आणि देगलूरकडे गेले की कानडी-तेलुगूचा हेल तिच्यात मिसळलेला. गोगलगायीच्या मानाने बारा कोस म्हणजे खंडप्राय अंतर. दोन दऱ्यांमधला एक कोरडा डोंगरमाथाही तिला ओलांडवत नाही. म्हणून एका दरीतल्या शंखाचा रंग, पट्टा आणि वळण शेजारच्या दरीत बदललेले दिसे. बोलीचा अभ्यासक ज्याप्रमाणे दोन वाक्यांवरून बोलणाऱ्याचे गाव ओळखतो, त्याप्रमाणे जाणकार माणूस शंख पाहून दरी ओळखू शके.

ही गोष्ट प्रथम गांभीर्याने ध्यानात घेणारा माणूस म्हणजे जॉन थॉमस गुलिक. १८३२ मध्ये हवाईतील कवाई बेटावर एका मिशनरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. विशीत असताना, १८५३ च्या सुमारास, त्याने ओआहूच्या दऱ्यांतून स्थानिक हवाईयन लोकांच्या मदतीने हजारो शंख जमविले आणि कोणता शंख कोणत्या दरीतला हे नोंदवून ठेवले. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ अद्याप प्रसिद्ध व्हावयाचा होता. पुढे गुलिक स्वतः मिशनरी म्हणून चीन आणि जपानमध्ये राहिला. पण हे शंख त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. शेजारशेजारच्या दऱ्यांत पाऊस तोच, झाडे तीच, शत्रू कोणी नाहीच. मग रूपे वेगळी का? परिस्थिती सारखी असूनही केवळ विलग पडल्यामुळे जीव एकमेकांपासून दुरावत जातात, असे उत्तर त्याने दिले. १८७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचा याविषयीचा लेख आला, त्याच वर्षी तो डार्विनला भेटला, आणि १८८८ मध्ये त्याने हा विचार एका विस्तृत प्रबंधात मांडला. जातींच्या निर्मितीत विलगतेचे स्थान काय, या आज सर्वमान्य झालेल्या विचाराचा एक आरंभ या दोन सेंटीमीटरच्या शंखांत आहे.

डार्विनलाही बेटांवरच्या गोगलगायींनी सतावले होते. समुद्राचे पाणी त्यांना मारक, मग त्या बेटांवर पोचल्या कशा? त्याने एका जातीची गोगलगाय वीस दिवस समुद्राच्या पाण्यात ठेवून ती जगते की नाही याची परीक्षा घेतली. ती जगली. इतका साधा प्रयोग आणि इतका मोठा प्रश्न, असे त्या काळचे विज्ञान होते.

हवाईच्या दक्षिणेस, विषुववृत्ताच्या पलीकडे, ताहिती आणि मोरेआ या बेटांवर याच स्वभावाचे दुसरे एक कूळ होते. त्याचे नाव ‘पार्टुला’. तीही झाडावर राहणारी, पिलांना जन्म देणारी, दरीदरीला रूप पालटणारी. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ हेन्री क्रॅम्प्टन याने १९०६ पासून या बेटांच्या दऱ्या पायांखाली घातल्या आणि आपले जवळजवळ सारे कर्तृत्व या एका कुळाला वाहिले. १९१७, १९२५ आणि १९३२ अशा तीन वर्षी त्याचे तीन भारदस्त ग्रंथ निघाले. शंखामागून शंख हाती घेऊन मोजमापे करण्यात माणसाने आयुष्य वेचावे, हे एखाद्या पाठचिकित्सकाने एकेका पोथीचे पाठभेद जुळवीत बसावे तसेच आहे. स्टीफन जे गूल्ड यांनी १९९३ च्या ‘एट लिटल पिगीज’ या संग्रहात क्रॅम्प्टनच्या या परिश्रमांवर एक निबंध लिहिला. त्या निबंधाला शोकाची किनार आहे, कारण तो लिहिला गेला तेव्हा क्रॅम्प्टनने पाहिलेल्या गोगलगायी त्या रानांतून नाहीशा झालेल्या होत्या.

त्या कशा नाहीशा झाल्या? सगळा दोष एकाच कारणाच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. हवाईत माणसाबरोबर उंदीर आले. १७९३ मध्ये व्हँकुव्हरने गुरे आणली आणि त्यांनी जंगलाचा खालचा थर तुडविला. उतारांवरची झाडे तोडली गेली. शंखांच्या मोहानेही हानी केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ओआहूत शंख जमविण्याचे अक्षरशः वेड लागले होते; गुलिकचा संग्रहही त्या वेडातूनच जन्मला. हे सर्व खरे. तरीही उंच, दुर्गम दऱ्यांत या गोगलगायी टिकून होत्या. शेवटचा घाव बसला तो मात्र एका उपायाचा, आणि तो उपाय योजला गेला होता आमच्या ओळखीच्या शंखी गोगलगायीवर.

आफ्रिकेची राक्षसी गोगलगाय म्हणून जी ओळखली जाते, तिचे मूळ घर पूर्व आफ्रिका. तेथून ती मॉरिशसला पोचली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली. बेन्सन हा शंखशास्त्राचा नावाजलेला जाणकार. हिंदुस्थानातील कितीतरी शंखांना त्यानेच नावे दिली. एका जाणकाराच्या कौतुकातून बागेत सुटलेली ही गोगलगाय पुढे देशभर पसरली. १९३६ मध्ये ती हवाईत पोचली, १९६७ मध्ये ताहितीत. तिचा स्वभाव अकॅटिनेलाच्या नेमका उलट. अकॅटिनेलाला एका वेळी एक पिलू, तर हिची एका वेळची अंडी शंभरांनी मोजावीत, आणि असे वर्षातून अनेकदा. ती पाने, रोपे, साली, फळे असे जवळजवळ सर्व काही खाते. कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून जमिनीत पडून राहते आणि पहिल्या पावसात बाहेर येते. आपल्याकडे मृगाच्या सरींबरोबर सोयाबीनचे कोंब आणि ही गोगलगाय एकाच वेळी वर येतात, त्याचे रहस्य हेच.

हिचा बंदोबस्त करण्यासाठी हवाईच्या कृषी अधिकाऱ्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागातून दुसरी एक गोगलगाय आणली. ‘यूग्लँडिना रोझिआ’ हे तिचे शास्त्रीय नाव. इंग्रजीत तिला लांडग्याची उपमा देतात, आपणही तिला गुलाबी लांडगी म्हणू. ती गोगलगायींनाच खाते. भक्ष्य सरकत गेले की मागे चिकट रेषा उरते. ओठांच्या लांब टोकांनी ती रेषा हुंगत लांडगी तिच्यामागून जाते, भले ती रेषा झाडावर का चढेना. भक्ष्य लहान असेल तर शंखासकट गिळते. तर्क सरळ होता : गोगलगाय पिकाची शत्रू, लांडगी गोगलगायीची शत्रू, म्हणून लांडगी आपली मित्र. या तर्कात एकच त्रुटी होती. तर्क ‘गोगलगाय’ या शब्दावर उभा होता, आणि लांडगीला कोणती गोगलगाय खावी हे कोणी सांगू शकत नव्हते. पूर्ण वाढलेली राक्षसी गोगलगाय तिच्या तोंडात मावणारी नव्हती. झाडावरची अकॅटिनेला नेमकी तिच्या घासाएवढी होती.

पुढचे सर्व त्रोटकपणेच सांगावे लागते, कारण ते फार लवकर घडले. ओआहूच्या दऱ्यांतून अकॅटिनेलाच्या वसाहती एकामागून एक रिकाम्या झाल्या. १९८१ मध्ये अमेरिकन शासनाने हे संपूर्ण कूळच संकटग्रस्त म्हणून घोषित केले. हवाईच्या अनुभवाला जवळजवळ दोन दशके उलटली असताना लांडगी १९७४ मध्ये ताहितीत आणि १९७७ मध्ये मोरेआत सोडण्यात आली. मोरेआवर पार्टुलाच्या सात जाती होत्या. दहा वर्षांत, म्हणजे १९८७ पर्यंत, त्यांपैकी एकही त्या बेटाच्या रानात उरली नाही. राक्षसी गोगलगायीला लांडगीने आवर घातला असा भरवशाचा पुरावा मात्र आजही कोणाच्या हाती नाही. ज्या रोगासाठी औषध आणले तो राहिला, आणि औषधाने निरोगी माणूस गेला.

येथे एक गणित ध्यानात घ्यावयास हवे. जी गोगलगाय एका खेपेस शंभर अंडी घालते, तिच्यातली निम्मी मारली तरी पुढच्या पावसाळ्यात संख्या भरून निघते. जी वर्षाकाठी चार-पाच पिलांना जन्म देते आणि वयात येण्यासही वर्षे घेते, तिच्यातल्या थोड्या प्रौढ गोगलगायी गेल्या तरी तूट भरून येत नाही. म्हणजे सरसकट चालणारा उपाय नेहमी दुर्बळ जीवाला आधी संपवितो आणि ज्याच्यासाठी तो योजला त्याला शेवटपर्यंत सोडतो.

१९९७ मध्ये अकॅटिनेलाच्या ‘अपेक्सफुल्वा’ या जातीच्या अखेरच्या दहा गोगलगायी हवाई विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणण्यात आल्या. ‘पिवळ्या टोकाची’ असा या नावाचा अर्थ. पाश्चात्त्य विज्ञानाने नाव दिलेली हवाईची ही पहिलीच भूचर गोगलगाय. जॉर्ज डिक्सन या दर्यावर्द्याला १७८७ च्या सुमारास मिळालेल्या शंखमाळेतून ती युरोपच्या दृष्टीस पडली, आणि १७८९ मध्ये तिचे वर्णन छापले गेले. प्रयोगशाळेत काही पिले झाली. पण हळूहळू सर्व मरत गेली आणि एकच उरली. गॅलापॅगोसच्या एकाकी कासवाच्या नावावरून तिला ‘जॉर्ज’ म्हणू लागले. मराठी व्याकरणाने स्त्रीलिंगी, नावाने पुल्लिंगी आणि देहाने उभयलिंगी असलेला हा जीव सोबतीच्या अभावी निःसंतान राहिला आणि २०१९ च्या पहिल्या दिवशी, वयाच्या सुमारे चौदाव्या वर्षी, मरण पावला. त्याच्या पायाचा दोन मिलिमीटरचा तुकडा २०१७ मध्येच कापून सॅन डिएगो येथील शीतसंग्रहात ठेवला आहे. ज्या जातीला सर्वांत आधी नाव मिळाले, तिचे आता नाव आणि एवढा तुकडाच शिल्लक आहे.

हवाईच्या लोकपरंपरेत या गोगलगायींना ‘काहुली’ म्हणतात आणि त्या रात्री गातात अशी श्रद्धा आहे. गोगलगायीला कंठ नाही, हे सांगावयास जीवशास्त्र लागत नाही. पण ज्या समाजाने आपल्या रानातील निःशब्द जीवाला गाणे दिले, त्याने त्याला निराळे ओळखले होते, एवढे निश्चित. १८९६ च्या कायद्याने त्या बेटांवरील शाळांतून इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले आणि काहुलीचे गाणे ज्या भाषेत होते ती भाषा शाळेबाहेर गेली. १९४८ पूर्वी उर्दू माध्यमात शिकलेली पिढी ज्यांनी घरात पाहिली, त्या मराठवाड्यातील वाचकांना याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही. निराळी ओळख जपणारे शब्द आधी गेले आणि ‘गोगलगायींचा बंदोबस्त’ असा सरसकट शब्दप्रयोग करणारे कार्यालय नंतर आले, हा क्रम आम्हाला अर्थपूर्ण वाटतो.

कथा सर्वस्वी निराशेची नाही. ताहितीत ‘पार्टुला हायलिना’ ही पांढऱ्या शंखाची जात लांडगीच्या तावडीतून वाचली. कशी, याचे उत्तर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दिले. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी अतिसूक्ष्म संगणक वापरून ऊन मोजले. पांढरा शंख ऊन परावर्तित करतो, म्हणून ही गोगलगाय रानाच्या उजळ कडेला राहू शकते. लांडगीला ते ऊन सोसत नाही. त्या भागातील बेटांवरच्या काही पार्टुला वेळीच बाहेर नेल्या गेल्या आणि लंडनसह अनेक प्राणिसंग्रहालयांत वाढविल्या गेल्या. सगळ्या वाचल्या नाहीत. ‘पार्टुला टर्जिडा’ची शेवटची गोगलगाय १९९६ मध्ये लंडनमध्येच मेली. पण २०१५ पासून उरलेल्यांना बेटांवर परत सोडण्यास आरंभ झाला. सोडताना प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका लावतात. २०२४ मध्ये मोरेआच्या रानात ‘पार्टुला टोहिवेआना’च्या ठिपका नसलेल्या प्रौढ गोगलगायी सापडल्या, अर्थात त्या तेथेच जन्मलेल्या होत्या. चार दशकांच्या खटपटीचे हे फळ, आणि त्याची खूण म्हणजे एका ठिपक्याचा अभाव.

आता पुन्हा आपल्या शिवाराकडे येऊ. बांधावरच्या माणसाचे नुकसान खरे आहे आणि बेटावरच्या काहुलीची करुण कथा सांगून ते हलके करता येणार नाही. उपाय हवाच. मराठवाड्यात कृषितज्ज्ञांनी सुचविलेले उपाय या इतिहासाच्या प्रकाशात पाहण्यासारखे आहेत : संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेली पोती शेतात अंथरावी, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी गावाने मिळून वेचाव्या आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्या, बांधाला चुन्याची रेघ ओढावी. हे कष्टाचे आणि कंटाळवाणे काम आहे. पण त्यात एक गुण आहे, जो लांडगीत नव्हता. वेचणारा हात पाहून वेचतो. कोणती गोगलगाय पिकावरची आणि कोणती पालापाचोळ्यावर जगणारी, हा भेद करण्याची संधी त्याला प्रत्येक वेळी असते. एखादा भक्षक जीव आणून सोडा, म्हणजे सुटलो, असे जो कोणी पुढे सुचवील, त्याला मोरेआची दहा वर्षे सांगता आली पाहिजेत.

आणि भेद करावयाचा तर नावे हवीत. सह्याद्रीतील सर्व गोगलगायींना अद्याप नावे मिळालेली नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीतून ‘वरदिया अंबोलीएन्सिस’ ही अर्धकवची गोगलगाय विज्ञानाच्या नोंदीत आली ती २०२१ मध्ये. बालाघाटाच्या डोंगररांगांत काय आहे, हे कोण पाहणार? शास्त्रीय नावे देणे हे मराठीच्या अध्यापकांचे काम नाही. परंतु मुखेड, कंधार, जळकोट, उदगीर या पट्ट्यातील गावांत वेगवेगळ्या गोगलगायींना म्हातारी माणसे काय म्हणतात, म्हणतात की नाही, हे विचारून लिहून घेणे हे काम आपले आहे. बोलीच्या प्रकल्पांत आपण नातेवाचक शब्द, शेतीची अवजारे, सणांची नावे गोळा करतो. येत्या पावसाळ्यात त्या यादीत हे एक सदर वाढवावे, आणि शब्दासमोर गावाचे नाव लिहावयास विसरू नये. गुलिकने शंखासमोर दरीचे नाव लिहिले होते. त्या दरीतली गोगलगाय कशी होती, हे आज आपल्याला त्या एका नोंदीमुळेच कळते.